पृथ्वी फिरते, हे कशावरून?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ही गोष्ट आज वादाच्या पलीकडे गेलेली आहे. एखादे विधान निर्विवाद आहे असे सांगायचे झाले, की वक्ते आणि लेखक हटकून याच विधानाचा दाखला देतात. परंतु दाखला देणाऱ्यालाच ‘हे कशावरून?’ असा साधा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक सुशिक्षित माणसे प्रथम हसतात, मग किंचित अडखळतात आणि अखेरीस दिवस-रात्र, ऋतुचक्र किंवा वर्षभरात पालटत जाणारी नक्षत्रे यांपैकी काहीतरी पुढे करतात. यांपैकी एकही पुरावा टिकणारा नाही. दिवस आणि रात्र यांचा संबंध पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याशी आहे. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेशी त्याचे काही देणेघेणे नाही. सूर्यच वर्षाकाठी एका तिरप्या वर्तुळातून पृथ्वीला फेरी घालतो असे मानले, तरी ऋतू जसेच्या तसे होतात आणि नक्षत्रेही ठरल्या महिन्यात ठरल्या जागी उगवतात. आपल्याकडील ज्योतिषांनी शतकानुशतके पृथ्वी स्थिर धरूनच ग्रहणे वर्तविली, आणि ती बऱ्याच अंशी बरोबर आली.

म्हणजे ज्या गोष्टीबद्दल कोणाच्याही मनात तिळमात्र शंका नाही, ती आपण पाठ्यपुस्तकाच्या शब्दावर मानलेली असते. यात लाजण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणेल. माणसाला असंख्य गोष्टी इतरांच्या भरवशावर मानाव्याच लागतात. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट पडताळून पाहायची म्हटले तर व्यवहार ठप्प होईल. हे खरेच आहे. परंतु ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ या वाक्याच्या जागी ‘विज्ञानाने असे सिद्ध केले आहे’ हे वाक्य आले, एवढ्याने मानण्याच्या रीतीत काय पालट झाला, हा प्रश्न उरतोच. आणि या विशिष्ट बाबतीत तर पुराव्याचा इतिहास विलक्षण आहे. कारण ज्यांनी हा सिद्धांत प्रथम मांडला आणि ज्यांनी तो प्रथम स्वीकारला, त्यांच्यापाशीही प्रत्यक्ष पुरावा नव्हता. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर १५४३ साली लिहून दिलेली ही हुंडी वटायला १७२९ साल उजाडावे लागले आणि तिची पूर्ण फेड झाली ती १८३८ साली.

१५४३ साली न्यूरेंबर्ग येथे निकोलस कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. त्यात आकाशाचे असे कोणतेही नवे निरीक्षण नव्हते, की ज्यामुळे जुनी व्यवस्था कोसळून पडावी. टॉलेमीच्या पृथ्वीकेंद्री गणितापेक्षा कोपर्निकसचे गणित फारसे अधिक अचूकही नव्हते. त्याचे बलस्थान निराळे होते. ग्रह मधूनच थबकतात, मागे फिरतात आणि पुन्हा पुढे जातात, या वक्रगतीसाठी टॉलेमीला प्रत्येक ग्रहाला स्वतंत्र छोटे वर्तुळ द्यावे लागले होते; कोपर्निकसच्या मांडणीत पृथ्वी स्वतःच चालती असल्यामुळे हा देखावा आपोआप निर्माण होत होता. शिवाय ग्रहांची अंतरे एका मापात बसत होती. म्हणजे त्याच्या बाजूने उभी होती ती सुसंगती. सुसंगती हा पुरावा नव्हे. पण चांगल्या बुद्धीच्या माणसाला ती फार मोह घालते.

याउलट विरुद्ध पक्षापाशी एक नेमका आणि सडेतोड आक्षेप होता. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरावा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटावा. अंगठा मागील भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसतो. पाहणाऱ्याची जागा बदलली की जवळच्या वस्तूचे स्थान दूरच्या वस्तूंच्या तुलनेने सरकते. यालाच खगोलशास्त्रात पराशय म्हणतात. पृथ्वी जर खरोखरच सूर्याभोवती फिरत असेल, तर ती जानेवारीत जेथे असते तेथून जुलैत सुमारे तीस कोटी किलोमीटर दूर असणार. मग इतक्या दूरच्या दोन ठिकाणांहून पाहताना ताऱ्यांची स्थाने थोडीतरी सरकलेली दिसायला हवीत. ती तशी दिसत नव्हती. हा आक्षेप नवा नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोसच्या ॲरिस्टार्कसने सूर्य मध्यभागी मांडला, तेव्हाच तारे कल्पनातीत दूर आहेत असे त्याला गृहीत धरावे लागले होते. कोपर्निकसनेही तेच उत्तर दिले.

हे उत्तर पळवाटेसारखे वाटते, आणि टायको ब्राहेला ते तसे वाटलेही. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने ह्वेन बेटावर वेधशाळा उभारणारा टायको हा दुर्बिणीच्या पूर्वीचा सर्वांत काटेकोर वेधकर्ता. त्याच्या वेधांची अचूकता सुमारे एक कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, पोहोचली होती. त्याने पराशय शोधला, सापडला नाही. मग त्याने एक त्रैराशिक मांडले, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. डोळ्यांना तारा बिंदूसारखा न दिसता बारीक तबकडीसारखा दिसतो. मध्यम तेजाच्या ताऱ्याची तबकडी टायकोच्या अंदाजाने सुमारे एक कला रुंद. आता पराशय एका कलेहूनही कमी असेल इतका तो तारा दूर असेल, तर त्याचा खरा आकार पृथ्वीच्या संपूर्ण कक्षेहून मोठा ठरतो. एक सामान्य तारा सूर्याच्या शेकडो पट रुंद, आणि असे हजारो! टायकोने हे अशक्य मानले आणि स्वतःची तडजोड मांडली: इतर ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य आपला सर्व लवाजमा घेऊन स्थिर पृथ्वीभोवती.

या आक्षेपाला कोपर्निकसपंथीयांनी काय उत्तर द्यावे? कासेलचा गणिती क्रिस्टोफ रोथमन याने टायकोला लिहिलेल्या उत्तराचा आशय असा, की सर्वशक्तिमान ईश्वराच्या सृष्टीचा विस्तार कितीही मोठा असू शकतो, त्याला मर्यादा घालणारे आपण कोण? विज्ञानाच्या इतिहासाची जी सोपी नाटके आपण रचतो, त्यांत देवाचा आधार घेणारा पक्ष नेहमी चूक आणि मोजमाप करणारा पक्ष नेहमी बरोबर असतो. येथे मोजमाप करणारा चुकला होता. अर्थात त्याची चूक अत्यंत प्रामाणिक होती. ताऱ्याची दिसणारी तबकडी खरी नसतेच. तो डोळ्याचा, भिंगाचा आणि प्रकाशाच्या तरंगरूपाचा परिणाम असतो. त्याचे संपूर्ण गणित जॉर्ज एअरीने मांडले ते १८३५ साली. टायकोला मरून तेव्हा दोनशे चौतीस वर्षे झाली होती.

गॅलिलिओची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे तिचा विस्तार नको. १६१० मध्ये त्याने गुरूचे चार चंद्र पाहिले, त्याच वर्षाच्या अखेरीस शुक्राच्या कला पाहिल्या. शुक्र जवळजवळ पूर्ण बिंबासारखाही दिसतो, यावरून तो सूर्याच्या पलीकडे जातो आणि सूर्याभोवती फिरतो हे निर्विवाद ठरले; टॉलेमीची व्यवस्था तेथेच संपली. परंतु टायकोच्या व्यवस्थेतही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो. तेव्हा पृथ्वी फिरते की नाही, हा प्रश्न होता तेथेच राहिला. गॅलिलिओला ही उणीव जाणवत होती, असे त्याच्या पुढील खटपटीवरून दिसते. १६३२ च्या ‘संवाद’ ग्रंथात त्याने पृथ्वीच्या गतीचा मुख्य पुरावा म्हणून काय पुढे केले, तर समुद्राची भरती-ओहोटी. पृथ्वीच्या दुहेरी गतीने समुद्राचे पाणी हिंदकळते, असे त्याचे म्हणणे. या उपपत्तीप्रमाणे दिवसाकाठी भरती मूलतः एकदाच यायला हवी. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या कोणत्याही मच्छिमाराने या थोर पुरुषाला हसून सांगितले असते, की भरती दोनदा येते आणि ती चंद्राच्या तिथीप्रमाणे चालते.

१६३३ साली चर्चने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, हा अन्याय होता आणि त्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होत नाही. ज्या माणसाचा पुरावा अपुरा आहे त्याचे खंडन करावे, त्याला नजरकैदेत ठेवू नये. पण पुरावा अपुरा होता, हेही तितकेच खरे. कार्डिनल बेलार्मिनने १६१५ च्या एप्रिलमध्ये एका पत्रात असे लिहून ठेवले होते, की पृथ्वीच्या गतीचा खरोखरीचा पुरावा मिळाला तर धर्मग्रंथांचा अर्थ पुन्हा काळजीपूर्वक लावावा लागेल. पण तसा पुरावा दाखविला जाईपर्यंत आपण तो आहे असे मानणार नाही. पुढे १६५१ साली जेझुइट पंडित रिच्चोली याने दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची चक्क जमा-खर्चाची वही मांडली: पृथ्वी फिरते या बाजूने एकोणपन्नास, विरुद्ध सत्त्याहत्तर. त्याचा कौल विरुद्ध गेला. मात्र त्याच ग्रंथातील चंद्राच्या नकाशात एका ठसठशीत विवराला त्याने कोपर्निकसचे नाव दिले, आणि ते आजही चालू आहे. विरोधकाचा असा मान राखण्याची रीत पुढे फारशी टिकली नाही.

मधल्या काळात केप्लरचे नियम आले, आणि १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या मानाने इतके प्रचंड आहे, की फिरायचे कोणी हा प्रश्न गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने जवळजवळ निकालात काढला. युरोपातील बहुतेक विचारी माणसांचे मन येथे वळले. तरीही हा निष्कर्ष नियमावरून काढलेला होता. पृथ्वी चालताना कोणी पाहिली नव्हती.

ती पाहिली गेली ती दुसरेच काही शोधताना. १६६९ मध्ये रॉबर्ट हुकने लंडनमधील आपल्या राहत्या जागेच्या छपराला भोक पाडून एक लांब दुर्बीण उभी रोवली होती, आणि कालेय या तारकासमूहातील गॅमा नावाच्या ताऱ्याचा पराशय सापडल्याचा दावा केला होता. हा तारा निवडण्याचे कारण असे, की लंडनहून तो जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, त्यामुळे वातावरणात प्रकाश वाकण्याची अडचण उरत नाही. हुकचे वेध चारच होते आणि भरवशाचे नव्हते. १७२५ च्या डिसेंबरात सॅम्युअल मॉलिन्यू या सधन हौशी संशोधकाने क्यू येथील आपल्या घराच्या धुरांड्याला चोवीस फूट लांबीची दुर्बीण बांधून तोच प्रयोग पुन्हा सुरू केला. त्याच्या सोबतीला जेम्स ब्रॅडली हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक होता. पराशय असेल तर तारा डिसेंबरात दक्षिण टोकाला असायला हवा. म्हणजे त्या महिन्यात तो जवळजवळ हलू नये. वेध घेणे ही निव्वळ औपचारिकता होती.

१७ डिसेंबर रोजी ब्रॅडलीने पाहिले, तर तारा दक्षिणेकडे सरकलेला. पुढच्या वेधांत तो आणखी सरकलेला. मार्चपर्यंत तो वीस विकला दक्षिणेला गेला, तेथे थांबला, परत फिरला, जूनमध्ये मूळ जागी आला आणि सप्टेंबरात तितकाच उत्तरेला पोहोचला. वीस विकला म्हणजे किती? अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर धरले, तर ते जेवढे दिसेल ती एक विकला. तेव्हा सरकणे अतिसूक्ष्म होते. पण उपकरण त्याहून सूक्ष्म मोजण्याजोगे होते. तारा वर्षभरात एक फेरी पूर्ण करीत होता, यात संशय नव्हता. फक्त ही फेरी अपेक्षेपेक्षा तीन महिन्यांनी पुढेमागे होती. पराशयाच्या कोणत्याही गणितात ती बसेना.

येथे दुसरा कोणी असता तर काय झाले असते? सामाजिक शास्त्रांत तरी अशा वेळी आकड्यांनाच दोष देण्याची रीत आहे. ब्रॅडलीने उपकरण तपासले, ते निर्दोष निघाले. पृथ्वीचा अक्ष डोलत असेल असे म्हणून विरुद्ध बाजूचा तारा पाहिला; ते उत्तर जुळेना. वातावरणाला दोष देऊन पाहिला, तोही टिकेना. १७२७ मध्ये त्याने वॉन्स्टेड येथील नातलगाच्या घरात दुसरे उपकरण बसविले आणि एका ताऱ्याऐवजी अनेक ताऱ्यांचे वेध घ्यायला आरंभ केला. सगळे तारे वर्षाकाठी तशीच फेरी घालत होते. मॉलिन्यू १७२८ च्या एप्रिलमध्ये वारला. आपण काय पाहिले हे त्याला कधीच कळले नाही.

त्याच वर्षी ब्रॅडली थेम्स नदीवर शिडाच्या होडीतून फिरायला गेला असता त्याला उलगडा झाला, असे सांगतात. होडी वळली, की डोलकाठीवरचे वाऱ्याची दिशा दाखविणारे निशाण वळे. वारा प्रत्येक वेळी कसा बदलतो, असे त्याने विचारले, तेव्हा वारा बदलत नाही, होडी बदलते, असे नावाड्यांनी सांगितले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व पावसाळ्यात छत्री घेऊन चालणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पाऊस सरळ पडत असला तरी भराभर चालताना छत्री पुढे कलती धरावी लागते. उलट दिशेने चालू लागलो की ती उलट बाजूला कलते. प्रकाश म्हणजे ताऱ्यावरून येणारा पाऊस आणि दुर्बीण म्हणजे छत्री. पृथ्वी मार्चमध्ये एका दिशेने धावत असेल आणि सप्टेंबरात विरुद्ध दिशेने, तर दुर्बीण दर ऋतूत निराळ्या बाजूला किंचित कलती धरावी लागणार. प्रकाशाला वेग आहे, हे ओले रोमर याने १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखविले होते. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग असेल, तर कल वीस विकलांचा येतो. नेमका तोच आकडा ब्रॅडलीच्या वहीत पडलेला होता. या कलण्यालाच प्रकाशाचे विपथन म्हणतात. १७२९ च्या जानेवारीत हा निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

या पुराव्याचे खरे सामर्थ्य कशात आहे? सर्व तारे, दूरचे असोत वा जवळचे, सारख्याच मापाने आणि एकाच तालात सरकतात. पृथ्वी स्थिर आहे असा हट्ट धरायचा तर विश्वातील प्रत्येक तारा आपल्या वर्षाचा हिशेब ठेवून मुद्दाम तेवढाच डोलतो असे म्हणावे लागेल. टायकोच्या तडजोडीला येथे जागा उरली नाही. आणि गंमत अशी, की हुडकायला निघालेला पराशय ब्रॅडलीला मिळाला नाही तो नाहीच. तो एक विकलाभर असता तरी आपल्या नजरेतून सुटला नसता, असा निर्वाळा मात्र तो देऊ शकला. म्हणजे तारे खरोखरच कल्पनातीत दूर होते. ॲरिस्टार्कसची पळवाट हाच राजमार्ग निघाला.

पराशयासाठी आणखी शंभर वर्षे जावी लागली. तो मोजणारा फ्रीडरिख बेसेल हा मुळात कारकून. चौदा-पंधराव्या वर्षी तो ब्रेमेनमधील एका व्यापारी पेढीवर उमेदवारीला राहिला, जहाजांच्या व्यापारामुळे त्याला नौकानयनाची ओढ लागली आणि तेथून तो खगोलगणिताकडे वळला. जमा-खर्चाची शिस्त त्याने आयुष्यभर सोडली नाही. उपकरण निर्दोष नसते, म्हणून त्याचा दोष मोजून हिशेबातून वजा करावा, ही त्याची पद्धत होती. ब्रॅडलीचे हजारो जुने वेध त्याने असेच शुद्ध करून १८१८ साली प्रसिद्ध केले. पराशयासाठी तेजस्वी तारा जवळचा असणार अशी सर्वांची समजूत होती. बेसेलने हंस समूहातील एकसष्ट क्रमांकाचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा निवडला; कारण तो वर्षाला पाच विकला सरकत होता, आणि जो भराभर सरकताना दिसतो तो जवळ असण्याचा संभव अधिक. कोनिग्सबर्ग येथे वर्षाहून अधिक काळ वेध घेऊन त्याने १८३८ साली उत्तर जाहीर केले: एका विकलेचा सुमारे तिसरा हिस्सा. आजचे मूल्य त्याहून थोडे कमी, ०.२८६ विकला, आहे. तेवढ्याच सुमारास स्ट्रूव्हने अभिजितचा आणि हेंडरसनने मित्र ताऱ्याचा पराशय मोजला. हेंडरसनचे वेध तर १८३३ सालीच पुरे झाले होते; हिशेब करायला मात्र त्याला उशीर झाला. कारकुनाने येथे खगोलज्ञावर मात केली असे म्हणता येईल.

कोपर्निकस, केप्लर आणि गॅलिलिओ यांचे ग्रंथ रोमने आपल्या निषिद्ध यादीतून वगळले ते १८३५ च्या आवृत्तीत, म्हणजे बेसेलच्या तीनच वर्षे आधी. त्याच सुमारास हा वाद मराठीतही येऊन पोहोचला होता. भोपाळजवळच्या सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ नावाचे मराठी पुस्तक लिहिले. पुराणांतील भूगोल, भास्कराचार्यादिकांचे सिद्धांत आणि कोपर्निकसचे मत यांची त्यात तुलना होती. पृथ्वीला शेषाचा वा कूर्माचा आधार नाही, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच युक्तिवादाने सांगितले होते. पण त्यांची पृथ्वी स्थिरच होती. सुबाजी बापूंनी परक्याचे मत घरच्या आचार्याच्या पायरीवरून चढून गाठले, ही रीत पुढील पिढ्यांनी अधिक गिरवायला हवी होती.

त्याऐवजी आपल्याकडे रूढ झाला तो एक सोपा अभिमान: हे सारे आर्यभटाने आधीच सांगून ठेवले आहे. आर्यभटाने ४९९ साली जे सांगितले ते थोरच आहे. वाहत्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो म्हणतो. परंतु हे पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याविषयी आहे. वार्षिक प्रदक्षिणेविषयी नाही. सूर्यकेंद्री कल्पनेच्या अधिक जवळ गेला तो केरळचा नीलकंठ सोमयाजी. सन १५०० च्या सुमारास त्याने पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी मांडणी केली. टायकोची तडजोड टायकोच्या जन्मापूर्वी. पण अभिमान बाळगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना नीलकंठाचे नाव ठाऊक असते. या दोन गतींची गल्लत अन्यत्रही होते. पुण्याच्या आयुका संस्थेतील फूकोचा लंबक पाहून आलेली मुले पृथ्वी सूर्याभोवती फिरताना पाहिली असे घरी सांगतात. वस्तुतः लंबकाचे आंदोलन सावकाश वळत जाते ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून.

सूर्याभोवतीची गती ज्याला घरबसल्या पाहायची आहे, त्याने गच्चीवर एक निरभ्र रात्र काढावी. ठरावीक उल्कावर्षावाच्या रात्री सोडल्या, तर संध्याकाळी उल्का थोड्या दिसतात आणि पहाटेकडे त्यांची संख्या वाढत जाते. कारण पहाटेच्या वेळी आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असतो आणि संध्याकाळी मागच्या. एसटीच्या समोरच्या काचेवर पावसाचे थेंब अधिक आदळतात, मागच्या काचेवर कमी, तसाच हा प्रकार. सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची ही समोरची काच आहे.

व्यावसायिक खगोलज्ञांना मात्र आता पृथ्वीची गती सिद्ध करण्याची निकड उरलेली नाही. त्यांना ती वजा करावी लागते. १९६७ साली जोसलिन बेल यांना स्पंदक तारे, म्हणजे पल्सार, आढळले. त्यांचे स्पंद घड्याळाच्या ठोक्यांसारखे नियमित येतात. पृथ्वी अशा ताऱ्याकडे सरकत असताना ठोके लवकर येतात, दूर जात असताना उशिरा. १९९१ च्या जुलैत इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील अँड्रू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी घालणारा ग्रह सापडल्याचे ‘नेचर’मधून जाहीर केले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा तो मोठाच शोध ठरला असता. सहा महिने हा आकडा आपल्या वर्षाच्या बरोबर निम्मा आहे, हे संशयास्पद होते खरे. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथील परिषदेत लाइन व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, की तो ग्रह अस्तित्वातच नाही. ताऱ्याचे स्थान किंचित चुकीचे धरले गेले होते, आणि प्राथमिक हिशेबात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाऐवजी वर्तुळ मानली गेली होती. केप्लरने १६०९ साली दूर केलेली चूक तेथे परत शिरली होती. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्यांच्यानंतर बोलले ॲलेक्स वोल्शचान, दुसऱ्या एका पल्सारभोवतीच्या ग्रहांविषयी. तोही हिशेब पृथ्वीची गती वजा करूनच केलेला होता, आणि ते ग्रह खरे निघाले.

नारायणगावाजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी जुन्नर तालुक्याच्या शेतांमधून पसरलेल्या आहेत. २०२३ च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींचा जो संथ गुंजारव अनेक देशांतील संशोधकांनी जाहीर केला, त्यात तेथील पल्सारांच्या नोंदींचाही वाटा होता. अशी प्रत्येक नोंद प्रथम सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेऊन मांडावी लागते, म्हणजे त्या क्षणी पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कोठे होती हे ठाऊक असावे लागते. हिशेब एक मायक्रोसेकंदाने चुकला, तर प्रकाशाच्या मापाने तो तीनशे मीटरचा घोटाळा होतो. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडायला प्रकाशाला बावीस मिनिटे लागतात असे रोमरने म्हटले होते. ती सोळा मिनिटे अडतीस सेकंद निघाली.